कवांटहून आलेल्या भागियाची दोन मुलं: शाळा आणि वायरमनचं शिक्षण

डभोईची वाडी
नमस्कार मंडळी. राहते वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात. डभोईजवळ सासऱ्यांची बारा विघे जमीन आहे. यंदा कापूस छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या कवांटकडच्या एका राठवा आदिवासी कुटुंबाला भागाने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, दिलाय. आई-वडील, सतरा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी. जूनमध्ये आले, होळीला गावी जातील.

परवा कापूस तोलत होतो. काट्यावरचा आकडा मी वाचायची आणि मुलगी जुन्या वहीत मांडायची. वीस किलोचा एक मण, वरचे किलो वेगळ्या रकान्यात. शेवटी माझी बेरीज चुकली, तिची बरोबर निघाली. ही पोर जूनपासून शाळेत नाही! गावी सहावीत होती. इथल्या शाळेत तिच्या वडिलांना सांगितलं, आधी एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा. त्यासाठी कवांटला जायचं तर त्यांचे दोन दिवस मोडतात, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

मुलगा आठवी पास, नववीत सुटला. बोअरची मोटर बंद पडली तेव्हा त्यानेच स्टार्टर उघडून काळे पडलेले पॉइंट दाखवले, पॉलिश पेपरने घासले आणि मोटर चालू केली. त्याला वायरमन व्हायचंय. शाळेत किंवा आयटीआयमध्ये काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया नीट सांगा.

वाघोडियाच्या निवृत्त बाई
ताई, एलसीसाठी कोणी अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक संस्थेचं काम आहे. वडिलांना एकटं पाठवू नका, सोबत जा. आचार्यांना (मुख्याध्यापकांना) म्हणावं, गावच्या शाळेला फोन लावा आणि मुलीचा अठरा आकडी विद्यार्थी नंबर घ्या. त्यावरून तिची नोंद सापडते.

तिला सहावीतच बसवायला लागले तर कलम ४ दाखवा. वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि बुडालेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं. ते चालू असताना चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंतचं शिक्षण मोफतच राहतं.

आणि होळीला निघण्याआधी इथल्या शाळेतून स्थलांतर कार्ड (मूल इथे कुठपर्यंत शिकलं ते गावच्या शाळेला दाखवायला) भरून घ्या, विसरू नका. माझ्याकडे वीटभट्टीवरची एक मुलगी होती. ती दरवर्षी गावी परतली की पुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू. तीन वर्षं तेच धडे. मग तिने यायचंच सोडलं. मला अजून तिचं दप्तर आठवतं, खताच्या गोणीचं शिवलेलं.

घरी राठवी बोलत असणार, तेव्हा पहिले काही दिवस तिला सगळ्यांसमोर गुजराती वाचायला उभं करू नये, एवढं वर्गशिक्षकांना जरूर सांगा. डभोई तर गायकवाडीतलं गाव. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. तिथे आज एका कागदासाठी मूल बाहेर राहावं याचं मला फार वाईट वाटतं.

तरसालीचे सर
मुलाचं सांगतो. वायरमन ट्रेडला आठवी पास चालतं, कोर्स दोन वर्षांचा. वेल्डर एक वर्षाचा, तोही आठवीवर. बँकेच्या ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण केंद्रात राहणं-जेवण धरून सगळं फुकट असतं, पण तिथे अठरा पूर्ण लागतात आणि कोर्स काही आठवड्यांचेच. हाताला चांगलं वळण आहे, तर त्याला आयटीआयलाच घाला. प्रमाणपत्र नसेल तर ठेकेदार वर्षानुवर्षं हेल्परच ठेवतो. फॉर्म उन्हाळ्यात निघतात. आठवीचं गुणपत्रक, एलसी, जातीचा दाखला आत्ताच जमवा. दरवर्षी मुलं जातीच्या दाखल्यापायीच मागे राहतात.

करजणचा शेतकरी
एक विचारतो, राग मानू नका. भाग ठरला तेव्हा चार जणांचे हात धरूनच ठरला ना? आणि उचलही दिली असेल. मुलगी शाळेत गेली की वेचणीला एक माणूस कमी. उचल फिटत नाही असं दिसलं की बाप पोरीला परत फडक्यात कापूस वेचायला लावणार. माझ्याकडे हेच झालं. नाव घातलं, दहा दिवसांत शाळा बंद. मग मी एक मजूर स्वतःच्या पैशाने लावला, त्यांच्या भागातून काही कापलं नाही, तेव्हा कुठे पोर टिकली. चौदाच्या आतल्या मुलाला दुसऱ्याच्या शेतात राबवणं कायद्याने बंद आहे, हेही घरच्यांना सांगा.

डभोईची वाडी
दादा, राग कसला? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री सासऱ्यांशी बोलले. वेचणीला एक बाई लावतोय, आमच्या खर्चाने, भाग तसाच.

आज आचार्यांकडे जाऊन आले. कलम ५ म्हटल्यावर त्यांनी लगेच कवांटला फोन लावला. नंबर मिळाला, सोमवारपासून सातवीत बसेल. मुलाचं गुणपत्रक गावी पत्र्याच्या पेटीत आहे. रविवारी आमचे हे त्याला गाडीने घेऊन जातायत, जातीच्या दाखल्याचंही विचारून येतील.

मुलीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, मग मण कोण लिहिणार? शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा तोलणं शनिवारी दुपारी ठेवलंय.

बाई, होळीनंतरचं मात्र अजून सुटलेलं नाही. तिला छोटा उदेपूरकडच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात, वसतिगृहात ठेवावं का? आई तयार नाही, एकटी कशी राहील म्हणते. तुम्ही अशा आयांशी बोलला असाल. एकदा डभोईला याल का? मी घ्यायला येते.