मदत हवी आहे : मठांच्या दानपत्रांवर किती विसंबायचं?

मंडळी, मध्ययुगीन युरोपातल्या मठांवर वाचन चालू आहे आणि गाडी एका जागी अडली आहे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत ७३ प्रकरणांत सगळं आखून दिलंय. माणशी दिवसाला एक पौंड पाव, दोन शिजवलेले पदार्थ, मोजकी वाइन. पण हे झालं ‘कसं असावं’. प्रत्यक्षात काय होतं ते दानपत्रांतून कळेल म्हणावं, तर तीही मठानेच जपलेली. फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या कितीतरी पत्रांसाठी मठातच उतरवलेल्या नकलांच्या वह्यांवर भिस्त ठेवावी लागते. सोयीचं तेवढंच उतरवलं नसेल कशावरून?

क्लूनीच्याच ९१० च्या स्थापनापत्रात अक्विटेनचा ड्यूक विल्यम दान मोडणाऱ्याला शाप देतो : बायबलातल्या दाथान-अबीरामसारखं धरणीने गिळावं, येशूला दगा देणाऱ्या यहूदासारखी गत व्हावी. आपले शिलाहारकालीन गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारे कोरीव दगड, आठवले (आपले लोक जास्त रोखठोक!).

असा शाप दात्याचा स्वतःचा की लेखनिकाचा ठरीव मजकूर, हे कसं ओळखतात? बनावट पत्र पकडायला साक्षीदारांची यादी कितपत कामी येते? मला लॅटिन येत नाही, इंग्रजी भाषांतरांवर भागवतोय. एवढ्यावर निभेल का, की आधी लॅटिनच शिकायला घेऊ?