मदत हवी आहे: गार्डड्यूटीचा अलर्ट अलर्टमॅनेजरमध्ये पाच मिनिटांत 'रिझॉल्व्ह्ड' होतो

नमस्कार मंडळी,

आमचं सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचा क्लाउड) मुंबई रीजनमध्ये आहे. सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोमिथियस, त्याचे अलर्ट माणसांपर्यंत पोचवणारा अलर्टमॅनेजर, आलेख दाखवणारा ग्राफाना, सगळं नीट चाललंय आणि ऑन-कॉलही (अडचण आली की उठायची पाळी) त्यावरच. म्हणून गार्डड्यूटी (संशयास्पद हालचाली पकडणारी एडब्ल्यूएसची सेवा) सुरू केल्यावर तिचे अलर्टही तिथेच आणले: इव्हेंटब्रिजवरून (घटनांची खबर पुढे धाडणारी सेवा) लॅम्डा (आमचा छोटा कोड), आणि लॅम्डा अलर्टमॅनेजरच्या एपीआयला पोस्ट करते.

गेल्या आठवड्यात रात्री २:१० ला तीव्रता ८ चा अलर्ट आला. एका सर्व्हरच्या आयएएम रोलची (सर्व्हरला दिलेल्या परवानग्या) क्रेडेन्शियल्स एडब्ल्यूएसबाहेरच्या आयपीवरून वापरली जात होती. ऑन-कॉलवरचा सहकारी उठून लॅपटॉप उघडतो तोवर ग्रुपवर हिरवा 'रिझॉल्व्ह्ड' मेसेज. आपोआप निवळलं असं समजून तो झोपला. मी त्याला दोष देणार नाही, हिरव्याचा अर्थ इतकी वर्षं आम्ही सगळे तोच घेत आलोय. सकाळी क्लाउडट्रेल (खात्यातल्या हालचालींची नोंद) उघडलं तर पहाटे चारपर्यंत कुणीतरी आमच्या एस३ बकेट (फाइलींचे साठे) चाचपत होतं.

कारण सापडलं. अलर्ट पेटलेला असेपर्यंत प्रोमिथियस तो परत परत पाठवत राहतो, आमची लॅम्डा एकदाच पाठवते. संपायची वेळ दिलेली नसली की अलर्टमॅनेजर ५ मिनिटांनी तो मिटला असं धरतो. त्यात तीच फाइंडिंग (गार्डड्यूटीने टिपलेली बाब) पुन्हा घडली तर गार्डड्यूटी इव्हेंटब्रिजला डीफॉल्टने ६ तासांनीच कळवते. सर्ट-इनच्या (सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, तेव्हा हा हिशोब मला फार बोचला.

आता ती वारंवारता १५ मिनिटांवर आणली आहे आणि संपायची वेळ २४ तास पुढची देतोय. पण मग काम खरंच संपल्यावर अलर्ट मिटवायचा कुणी? माझं मत असं की घटनेची स्थिती तिकिटात (कामाच्या नोंदीत) असावी, अलर्टमॅनेजरने फक्त माणसाला उठवावं आणि सिक्युरिटीच्या राउटवर 'रिझॉल्व्ह्ड' मेसेज बंदच ठेवावा. असं कुणी चालवलंय का? तिकीट बंद झाल्यावर अलर्ट मिटवायला काय वापरता?

दुसरा प्रश्न याच गोत्यातला. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरांवर) सराव केला. संशयित सर्व्हरला सगळं बंद असलेला सिक्युरिटी ग्रुप (नेटवर्कची ये-जा ठरवणारे नियम) लावला, तर लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक फेल झाला, ऑटो स्केलिंगने (सर्व्हरांची संख्या आपोआप राखणारी सेवा) तो सर्व्हर टर्मिनेट करून नवा उभा केला आणि रूट डिस्कही त्याच्याबरोबर गेली. ग्राफानावर सगळं हिरवंगार, हातात पुरावा शून्य. आता आधी ऑटो स्केलिंग ग्रुपमधून डिटॅच, मग सिक्युरिटी ग्रुप, मग डिस्कचा स्नॅपशॉट असा क्रम लिहिलाय. मेमरी डंप (चालू सर्व्हरच्या मेमरीची प्रत) यात कुठे बसवता? नेटवर्क तोडण्याआधी घेतला तर तेवढा वेळ चोर आतच राहतो, म्हणून इथे अडलोय.