मदत हवी आहे: लाकडी जमिनीवर रेकॉर्ड प्लेअरची सुई उडते, खाली स्वस्तातलं काय ठेवावं?

खालचा सा

नमस्कार मंडळी,

गिरगावात जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची आहे, वर लिनोलियम. वडिलांच्या एलपी बरीच वर्षं कपाटात पडून होत्या, बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत. त्या पुन्हा ऐकता याव्यात म्हणून साधा बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल घेतला, वजन साधारण ५ किलो. सोबत अॅम्प्लिफायर आणि दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर. सगळं एकाच लांब, गुडघाभर उंचीच्या शोकेसवर आहे, कारण खोलीत दुसरी जागाच नाही.

पहिली अडचण: स्वयंपाकघरातून गॅलरीकडे कुणी गेलं की सुई उडते. आई अगदी हलकं चालते, तरीही. विलंबित रंगलेला असतो, सम येणार इतक्यात सुई पुढे सरकते आणि अख्खं आवर्तन हातचं जातं. तबकडीला ओरखडे पडतील याची धास्ती वेगळीच. या तबकड्या पुन्हा मिळणार नाहीत.

दुसरी: आवाज जरा वाढवला की खालून 'घूं' असा सूर धरतो आणि बटण मागे फिरवेपर्यंत वाढतच जातो.

तिसरी: स्पीकर इतके खाली आहेत की खुर्चीत बसल्यावर गाणं गुडघ्यांना ऐकू येतं.

टर्नटेबलखाली घडी घातलेली सतरंजी ठेवून पाहिली, काही फरक नाही. बबल रॅपने सुरुवातीला बरं वाटलं, मग फुगे बसले आणि पुन्हा तेच. तयार 'आयसोलेशन फीट', म्हणजे हादरा अडवणारे पाय, मिळतात, पण चार पायांना टर्नटेबलच्या जवळपास पैसे मोजायचे हे मनाला पटत नाही. घरातल्या किंवा पेठेत सहज मिळणाऱ्या वस्तूंनी कुणी हे सोडवलं आहे का? भिंतीला भोक पाडायला हरकत नाही, पण भिंत चुन्यातली आहे.

कोपऱ्यातली खिडकी

आधी दोन दुखणी वेगळी करा. तबकडी फिरवू नका, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. 'घूं' तसाच आला तर मोटरचा दोष नाही. स्पीकरचा हादरा शोकेसमधून सुईत शिरतोय. मग स्पीकर बंद करून हेडफोनवर तबकडी लावा आणि कुणाला तरी चालायला सांगा. तेव्हाही सुई उडाली तर ते काम जमिनीचं, स्पीकरचा त्यात संबंध नाही. या दोघांवर औषध एक नाही.

आणि सुईचा भार तपासलात का? सोनं मोजायचे छोटे डिजिटल काटे मिळतात, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारे. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या छोट्या डबीच्या) कागदावर १.५ ते २ ग्रॅम असं काहीतरी छापलेलं असेल. भार त्याहून कमी असेल तर सुई उगाचच उडते, आणि हलकी सुई तबकडी जपते हा समज चुकीचा आहे. खोबणीत नीट न बसलेली सुईच ती जास्त खरवडते.

जुना फिटर

यंत्रांच्या पायांखाली पॅड बसवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मऊ वस्तू ठेवली की हादरा थांबतो असं नाही. वर वजन ठेवल्यावर ती वस्तू किती दबते, त्यावर सगळं अवलंबून आहे. १ मिलिमीटर दबली तर वरचं सामान सेकंदाला साधारण १६ वेळा डोलू पाहतं, म्हणजे १६ हर्ट्झ. ४ मिलिमीटरला ८ हर्ट्झ, १० मिलिमीटरला ५. या आकड्याच्या सुमारे १.४ पटीच्या वरचाच हादरा अडतो. त्याच आकड्याजवळचा हादरा तर उलट वाढतो. रबराच्या बाबतीत खरा आकडा हिशेबापेक्षा थोडा वरच निघतो, कारण हलत्या भाराला रबर जास्त कडक लागतं.

आता तुमची सतरंजी बघा. ती ठेवतानाच दबून बसते, त्यानंतर तिच्यात काही लवचीकता उरत नाही. बबल रॅपमधली हवा काम करते, पण ती टिकत नाही.

'घूं' म्हणजे स्पीकरचा खर्ज, ६० हर्ट्झ आणि वरचा. तो अडवायला १६ हर्ट्झचा आधारही पुरतो. त्यासाठी हवाई चपलेचा तळ कापून चार लहान तुकडे करा. लहानच हवेत. मोठा तुकडा दबत नाही, आणि जो दबत नाही तो निरुपयोगी. ५ किलोंना आगपेटीच्या निम्म्या आकाराचे तुकडे घेऊन सुरुवात करा, दबताना डोळ्यांना दिसायला हवेत. मात्र रबर थेट पॉलिशवर ठेवू नका, काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. मध्ये जाड पुठ्ठा घाला.

याहून चांगलं हवं असेल तर टर्नटेबल जड करा. ओटा बसवताना सिंकसाठी ग्रॅनाइट कापतात, तो मधला तुकडा फरशीवाल्याकडे पडून असतो. ५० बाय ४० सेंटिमीटर आणि १८ मिलिमीटर जाडीचा तुकडा जवळजवळ १० किलो भरतो. कडा घासून घ्या. त्याच्यावर टर्नटेबल आणि खाली लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब. हवा इतकीच भरा की दगड जेमतेम तरंगेल. हाताने दाबून सोडल्यावर तो संथ वरखाली व्हायला हवा, चटकन थरथरला तर हवा जास्त आहे. वर पाणसळ ठेवून सगळीकडून सपाट करा. ट्यूबची हवा हळूहळू उतरते, त्यामुळे अधूनमधून पाणसळ पुन्हा लावावी लागते. दगडावर टिचकी मारली की तो वाजतो, म्हणून टर्नटेबलचे पाय आणि दगड यांच्यामध्ये कॉर्कचा तुकडा द्या.

ट्यूब नको असेल तर स्क्वॉशचे चेंडू. ४० मिलिमीटरचा चेंडू पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर छान बसतो, घरंगळत नाही.

पण पावलांच्या हादऱ्याचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो, यातलं काहीच खात्रीचं नाही. लाकडी जमीन ५ ते १० हर्ट्झच्या आसपास डोलते. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज यांची स्वतःची डोलण्याची गती साधारण ८ ते १२ हर्ट्झ. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, म्हणून आईचं हलकं पाऊलही पुरतं. तुमचा आधार ५ हर्ट्झचा झाला तरी ७ च्या खालचं तो अडवत नाही, आणि ५ जवळचं वाढवून देतो.

तुळईपाटई

फिटरकाकांशी शंभर टक्के सहमत. आमच्या पुण्याच्या वाड्यातही हेच होतं. शेवटी टर्नटेबल जमिनीवरून उचलून भिंतीवर नेला आणि पोरं नाचली तरी सुई हलत नाही. लाकडी जमिनीला याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

भिंत मात्र विटांची, भार घेणारी हवी. खोल्या पाडायला मध्ये घातलेली फळ्यांची भिंत त्याच जमिनीवर उभी असते, तीही डोलते. मूठ आपटून बघा. पोकळ आवाज आला तर ती भिंत सोडा.

कोपऱ्यातली खिडकी

एक राहिलं. रेकॉर्डची खोबण कापताना खर्ज कमी करतात आणि वाजवताना फोनो विभाग, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज मोठा करणारं सर्किट, तो परत वाढवतो. २० हर्ट्झजवळ ही वाढ १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल, म्हणजे जवळपास ९ पट. सुईला जाणवलेला बारीकसा खालचा हादराही असा फुगून बाहेर येतो. म्हणून सीडी किंवा फोनला जे चालतं ते टर्नटेबलला चालत नाही.

हा त्रास सुईचा आहे, म्हणून अॅम्प्लिफायरखाली काही ठेवायच्या भानगडीत पडू नका. व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) नसेल तर त्याला हादऱ्याचं काही नसतं, त्याला वारा लागतो. उंची हवीच असेल तर चार पायांखाली चार झाकणं खूप झाली.

आलापवेडी

स्पीकरच्या उंचीबद्दल मी सांगते. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा पडदा, आपण बसल्यावर कानाच्या पातळीला यायला हवा, खुर्चीवर साधारण ९० ते १०० सेंटिमीटर. आमच्याकडे चौरंग वापरलाय, पण आधी चारही कोपरे दाबून बघा, चौरंग बहुधा डुगडुगतो. पोळपाट तीन पायांचा असेल तर कधीच डुगडुगत नाही, छोट्या स्पीकरला तो पुरतो. सर्वात भक्कम म्हणजे विटा: जुन्या साडीच्या कापडात घट्ट गुंडाळून तीन-चार थर. वर स्पीकर आणि विटा यांच्यामध्ये योगा मॅटचा तुकडा.

इतकं उंच करणं जमत नसेल तर स्पीकरच्या पुढच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवून तो वर तोंड करून कलता करा. कानाकडे रोख आला की शब्द लगेच मोकळे होतात. पाच रुपयांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आणि खालचा सा, शक्य असेल तर स्पीकर त्या शोकेसवरून काढाच. निम्मं 'घूं' तिथेच संपेल.

खालचा सा

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः फिटरकाकांचे. आकडा समजल्यावर सतरंजीने का काही होत नव्हतं ते उलगडलं.

हेडफोन लावून पाहिलं, सुई उडतेच. म्हणजे जमीनच. थांबलेल्या तबकडीवर 'घूं'ही आला, म्हणजे दोन्ही दुखणी आहेत. सुईचा भार १.८ ग्रॅम आहे, तो ठीक. फायफॉक्स नावाचं हादरे मोजणारं मोफत अॅप फोनवर घेतलं, फोन शोकेसवर ठेवून खोलीच्या मध्यावर टाचा उचलून आपटल्या. आलेखात ७ हर्ट्झच्या जवळ उंच सुळका येतो. काकांनी सांगितल्याच्या अगदी मधोमध.

स्पीकर आता विटांवर, शोकेसपासून बाजूला आहेत आणि पुढे खोडरबर दिले आहेत. 'घूं' गेला. तानपुरा पहिल्यांदाच गायकाच्या मागे नीट ऐकू येतोय, आधी तो सगळ्या खोलीत सांडलेला असायचा.

टर्नटेबल भिंतीवरच नेतो. गॅलरीकडची भिंत विटांची आहे, मूठ आपटून पाहिली, भरीव आहे. पण चुन्याचा गिलावा बोट लावलं तरी भुरभुरतो. त्यात स्क्रू धरेल का? आणि ग्रॅनाइटही भिंतीवर घेऊ का?

जुना फिटर

गिलाव्यावर अजिबात भिस्त ठेवू नका. गिलाव्याची जाडी मोजा, भोक त्याच्यापलीकडे विटेत किमान ५० मिलिमीटर जायला हवं आणि लांब फास्टनर घ्या. भोक विटेच्या मध्यावर पाडा, दोन विटांमधल्या चुन्यात नको. ड्रिल आधी हॅमर बंद ठेवून चालवा, जुनी वीट फुटते. दोन मजबूत लोखंडी एल ब्रॅकेट, प्रत्येकाला किमान तीन स्क्रू, वर १८ मिलिमीटरचा प्लाय.

ग्रॅनाइट भिंतीवर नको. तिथे त्याची गरज नाही, आणि १० किलोंचा जादा भार जुन्या विटेवर कशाला? फक्त प्लाय आणि टर्नटेबल यांच्यामध्ये ते चपलेचे तुकडे द्या. टर्नटेबल चढवण्याआधी फळीवर ८ ते १० किलो तांदळाची पिशवी रात्रभर ठेवा आणि सकाळी पाणसळ लावून बघा. फळी पुढे झुकली असेल तर वरचा स्क्रू सुटतोय, तो काढून दुसऱ्या विटेत घ्या.