मदत हवी आहे: फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला केबेक सिटी, सहा मित्र, तीन दिवस. जमेल का?

मंडळी, जरा घाईत धागा काढतोय, सांभाळून घ्या.

फॅमिली डेच्या (ऑन्टारिओतली फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंडला आम्ही सहा जण टोरंटोजवळच्या मिसिसागाहून केबेक सिटीला जायचं म्हणतोय. ('फॅमिली डेला फॅमिली सोडून कुठे निघालात?' हा टोमणा घरून मारून झालाय, इथे नको.) सगळे सांगलीच्या एकाच कॉलेजचे. पाच जण इथेच जीटीएत (टोरंटो परिसरात), सहावा पुण्याहून ऑफिसच्या कामाला महिनाभरासाठी आलाय. त्याने आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीतल्या गोणपाटाखालचा. त्याला खरा हिवाळा दाखवायचाय.

नियोजन माझ्याकडे, आणि तीच अडचण आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत मीच सगळ्यांना ओटावाला नेलं होतं. रीडो कालवा गोठतो, त्यावर ७.८ किलोमीटर स्केटिंग करता येतं, वगैरे वगैरे सांगून. स्केट्स आधीच विकत घेतले, पाच जोड. तिथे पोचलो तर काठावर लाल झेंडा आणि मधोमध पाणी चमकतंय! त्या हिवाळ्यात कालवा एक दिवससुद्धा उघडला नाही. १९७०-७१ पासून चालू असलेल्या प्रकारात असं पहिल्यांदाच झालं, आणि ते नेमकं मी ठरवलेल्या ट्रिपच्या वर्षी. तेव्हापासून मी कुठलाही बेत मांडला की ग्रुपवर एकच प्रश्न येतो, 'कालवा उघडाय का बघ.'

तर यावेळी फजिती नको. डोक्यात असलेली यादी: जुनं शहर, शातो फ्रोंतनाक हॉटेलसमोरची ती बर्फाची घसरगुंडी, मोंमोरेन्सी धबधबा, बर्फाचं हॉटेल आणि हिवाळी कार्निव्हल (त्याचा शेवटचा वीकेंड आमच्या तारखांनाच येतोय). जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटर होतात. शनिवारी पहाटे चारला निघून सोमवारी रात्री परत, असा विचार आहे. एकच सात सीटर भाड्याने घ्यावी की घरच्या दोन गाड्या? आमच्यातल्या दोघींपैकी एक पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि पुणेकराच्या कपड्यांचं काय करू? तो म्हणतो, 'मनालीला घेतलेलं थर्मल आहे माझ्याकडे.'

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

ओटावावासी
आधी आमच्या कालव्याबद्दल. बर्फ साधारण ३० सेंटीमीटर जाड झाल्याशिवाय माणसं सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. निघण्याआधी त्यांची वेबसाइट उघडायला दोन मिनिटं लागली असती. पुढच्या वेळी तेवढं करा, आणि या, चहा पाजेन.

आता तुमच्या बेताबद्दल. शनिवारी पहाटे चारला अजिबात निघू नका. रात्री कुणी झोपणार नाही, गप्पा मारत बसाल. मग ४०१ हायवेवर किंग्स्टन-ब्रॉकव्हिलच्या पट्ट्यात उजाडता उजाडता चालकाचे डोळे मिटायला लागतील, आणि तो पट्टा हिवाळ्यात वाईट आहे. तळ्यावरून अचानक बर्फाची झड येते, पन्नास मीटरवरचा ट्रक दिसत नाही. शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी तीनला काम आटपून निघा आणि रात्री कॉर्नवॉलला मुक्काम करा. निम्म्याहून जास्त रस्ता संपतो, शनिवारी चारेक तासच उरतात. निघण्याआधी ऑन्टारिओ ५११ आणि केबेक ५११ या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या दोन्ही साइटवर रस्ते बघा. 'बंद' दिसलं तर एक रात्र आणखी थांबायचं. मंगळवारची मीटिंग बुधवारी करता येते.

माँट्रियलची सून
कॉर्नवॉलचा सल्ला एकदम योग्य. त्यापुढे माँट्रियल शहरात घुसू नका, दक्षिणेच्या ३० नंबरच्या रस्त्याने वळसा घालून २० ला लागा. एका पुलावर टोल आहे, किरकोळ. परतताना तर हे नक्की करा, कारण फॅमिली डे आमच्याकडे नसतो. तुमचा सुट्टीचा सोमवार तो आमचा कामाचा सोमवार, पुलांवर नेहमीची रांग.

टायर. केबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. ऑन्टारिओच्या गाडीला पोलीस अडवणार नाहीत, पण बर्फाला तुमची नंबरप्लेट वाचता येत नाही. तापमान ७ अंशांखाली गेलं की ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं. तिकडच्या भाड्याच्या गाड्यांना बहुधा ऑल-सीझनच असतात. 'विंटर टायर आहेत का' हे फोनवर विचारून लेखी घ्या, नाहीतर ज्यांच्या घरच्या गाड्यांना आहेत त्या दोन काढा. तशीही सात सीटरमध्ये तिसरी रांग उघडली की मागे डिकी नावापुरती उरते. सहा जणांचे जाडे कोट आणि बूट ठेवणार कुठे, मांडीवर?

काच धुवायचं पाणी उणे ४० वालं भरा. आम्ही पहिल्या वर्षी उन्हाळ्यातलंच ठेवलं होतं. समोरच्या ट्रकने मीठ-चिखलाचा राखाडी फवारा उडवला, नवऱ्याने बटण दाबलं, तर नळीतून घर्र आवाज आला आणि काचेवर काहीच नाही. शेवटी रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन थर्मासमधला कोमट चहा ओतला. दुधाचा. वायपरने तो सगळ्या काचेवर सारवला. पुढचं सांगत नाही.

पार्किंग: जुन्या शहरात रस्त्यावर गाडी लावणार असाल तर खांबावरचे केशरी दिवे बघा. ते लुकलुकत असले की त्या रात्री बर्फ उचलणार, गाडी हलवायची. नाहीतर सकाळी गाडी भलत्याच गल्लीत सापडते आणि दंड वेगळा. सरळ पैसे भरून तळघरातलं पार्किंग घ्या. सकाळी काच खरवडायचा त्रासही वाचतो.

आणि पुणेकराला थांबायची लाल पाटी दाखवा. आमच्याकडे तिच्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं, उच्चार जवळपास 'आरे'. माझे सासरे दर चौकात 'अरे, थांब!' म्हणायचे.

धागाकर्ता
ताई, काका, दोघांचे आभार. कॉर्नवॉल पक्कं. दोन गाड्या पक्क्या. चहाचं ग्रुपवर टाकलंय, हसून लोळतायत.

आता यादी कापावी लागणार का? शनिवार दुपार ते सोमवार सकाळ एवढंच हातात राहतंय.

ओटावावासी
बर्फाचं हॉटेल कापा. ते वालकार्तिएला आहे, शहरापासून अर्धा तास. दरवर्षी नव्याने बांधतात, सुंदरच असतं, पण जाणं-येणं-बघणं यात अर्धा दिवस जातो आणि फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. (माझं मत. बायको असहमत.)

धबधबा ठेवा, रविवारी सकाळी. ८३ मीटर, नायगाऱ्यापेक्षा जवळजवळ तीस मीटर उंच, आणि जुन्या शहरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. हिवाळ्यात तुषार गोठून पायथ्याशी पांढरा डोंगर तयार होतो, त्याला साखरेची ढेप म्हणतात. आपल्या डोळ्यांना तो गुळाच्या ढेपेसारखाच दिसतो, फक्त चुना फासलेला.

घसरगुंडी शनिवारी अंधार पडल्यावर करा, सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतोच. १८८४ पासून आहे म्हणतात. लाकडी घसरगाडी स्वतः ओढत वर न्यायची, तिघं-चौघं एकामागे एक बसायचं. ताशी ७० किलोमीटरपर्यंत जाते. खाली नदीत बर्फाच्या लाद्या वाहताना दिसतात, पण ते बघायला डोळे उघडे राहिले तर. रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, आणि थंडी खरी तिथेच लागते.

माझ्या यादीतली एक गोष्ट तुमच्या यादीत नाही: लेव्हीची फेरी, म्हणजे नदीपलीकडच्या लेव्हीला जाणारी बोट. दहा-बारा मिनिटांत नदीपार. बोट बर्फ फोडत जाते तेव्हा तळाशी कुणी पत्र्यावर मोठमोठे दगड ओतल्यासारखा आवाज येतो. पलीकडे न उतरता... नाही, उतरा, पुन्हा रांगेत लागा आणि परत या. शातोचा खरा देखावा येताना समोरून दिसतो. पुणेकराला डेकवर उभा करा. कार्निव्हलच्या बोनोम नावाच्या हिममानवापेक्षा हे त्याच्या जास्त लक्षात राहील.

अवांतर: अब्राहमचं पठार तिथून चालत आहे. १७५९ ची इंग्रज-फ्रेंचांची लढाई, पानिपताच्या दोनच वर्षं आधी. तासाभरात निकाल लागला आणि दोन्हीकडचे सेनापती जखमी होऊन गेले. कॅनडा इंग्रजांकडे का गेला त्याचं मूळ तिथे आहे. आता लोक त्यावर स्की करतात.

पावटा
शाकाहारी मैत्रिणीसाठी, स्वानुभव. पुटीन दिसेल तिथे घेऊ नका: बटाटा आणि चीज ठीक, पण वरची ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाच्या रसाची. 'वेज सॉस आहे का' हे प्रत्येक ठिकाणी विचारायचं. कांद्याचं सूपही तसंच, रस्सा गोमांसाचा. वाटाण्याच्या सुपात डुकराचं मांस असतं, मी अर्धी वाटी संपवल्यावर कळलं. क्रेपमध्ये (फ्रेंच धिरड्यात) अंडं असतं, त्यामुळे तेही बाद. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, पिठलं-भात करा. येताना धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. पाण्याची बाटली रात्री गाडीत विसरू नका, आमची फुटली.

एक गोष्ट मात्र तिला नक्की खिलवा. लाकडी पन्हळीत स्वच्छ बर्फ भरलेला असतो, त्यावर उकळता मेपलचा पाक ओततात आणि काडीवर गुंडाळून देतात. गुऱ्हाळात कढईच्या काठची गरम काकवी काडीवर घेतलीय का कधी? तेच. सांगलीकरांना वेगळं काय सांगायचं.

धागाकर्ता
पावटे, तुझ्या या एका परिच्छेदावर दोघी तयार झाल्या. नाहीतर त्यांचं 'एवढ्या थंडीत कशाला' चालू होतं.

कपडे राहिलेच. शेवटचा प्रश्न.

माँट्रियलची सून
मनालीचं थर्मल राहू दे आत, पण सुती बनियन अजिबात नको. ती घामाने ओली होते आणि मग तीच माणसाला गारठवते. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. जीन्स नको. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पंजाचे गरम. फोन आतल्या खिशात, बाहेर काढला की बॅटरी चाळीस टक्क्यांवरून सरळ बंद पडते. फेब्रुवारीत तिथे रात्री उणे १५ सहज असतं, वाऱ्यासकट उणे २८ च्या खाली गेलं तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. नाक-कान पांढरे दिसले तर चोळायचं नाही, सरळ आत जायचं.

जुन्या शहराच्या खालच्या भागात उतरायचा जो जिना आहे त्याचं नावच 'मानमोड जिना'. बुटांवर चढवायचे काटे मिळतात, सहाही जणांना घ्या. किंवा फ्युनिक्युलरने (उतारावरच्या रुळांवरून जाणाऱ्या डब्याने) उतरा.

बूट मात्र नवे घेऊ नका. एका महिन्यासाठी दोनशे डॉलर कशाला?

धागाकर्ता
तेच म्हणतोय. पण त्याचा पाय अकरा नंबर, आमच्यात सगळे आठ-नऊवाले. कुणाकडे आहेत का जुने? जीटीएत कुठेही येऊन नेईन, सोमवारी मिठाचे डाग पुसून परत करीन.

स्कारबरोचा बाळ्या
बरेच दिवस वाचनमात्र होतो. माझ्याकडे अकराचा जोड पडून आहे, उणे ४० वाला. डाव्याची नाडी तुटलीये, तिथे पायजम्याची नाडी ओवलीये, पण धरते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शुक्रवारी निघण्याआधी देतो.

आणि कार्निव्हल चालू आहे ना, ते बघून घ्या.