आजीच्या जन्माचं साल कसं शोधायचं?

प्रश्न: वर्षश्राद्धाला आजीच्या आयुष्याची छोटी पुस्तिका काढायची आहे. आधारवरची 1 जानेवारी अंदाजे लिहिलेली. माहेर पाटण तालुक्यात.

उत्तर: पाटणच्या तहसील कचेरीत अर्ज देऊन माहेरच्या गावाचा नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) मागा. सासरच्या गावात सापडणार नाही. नोंद वडिलांच्या नावाखाली, बहुधा नुसतं ‘मुलगी’. म्हणून आधी भावंडांचा क्रम लावा. जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात, वाचणारा सोबत न्या.

उत्तर: आजीच्या नणंदा-जावांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. कोयनेच्या भूकंपात (11 डिसेंबर 1967) कडेवर कोणतं लेकरू होतं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण जायचं? मग त्या लेकराचा शाळेचा दाखला ताडून बघा.

उत्तर: पुस्तिकेत आजीच्या जात्यावरच्या ओव्याही घ्या. तिच्याच बोलीत, कृपा करून शुद्ध करू नका.