आईच्या गुळवेलीची लॅब टेस्ट कुठे करून मिळेल? अर्जंट

आईचा रिपोर्ट आलाय, लिव्हरला सूज. डॉक्टर म्हणाले गुळवेलीचा काढा आधी बंद करा, पण ती ऐकतच नाही. म्हणते वेल आपल्या आवारातली, कडुलिंबावर चढलेली, त्यात कसली आलीय भेसळ. मला त्या वेलीची टेस्ट करायचीये, कागद दाखवला की ऐकेल. पुण्यात कुठे होते, किती दिवस लागतात? प्लीज लवकर सांगा.

सुगरण७२: एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) किती? काढा कधीपासून? बाकी गोळ्या काय चालू आहेत?

रानवेडा: गुळवेलीने लिव्हर बिघडत नाही हो, आमच्याकडे आजोबांपासून घेतात. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 ला गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटचा पेपर काढला तेव्हा आयुष मंत्रालयानेच सांगितलं होतं की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असते, तिच्या खोडावर गाठी असतात आणि दुधासारखा चीक येतो. तीच असणार.

हेमांगी: रानवेडा, पुढचंही सांगा ना. 2022 मध्ये 13 सेंटर्सच्या अशाच 43 पेशंटचा अभ्यास आला, बऱ्याच जणांना ऑटोइम्यूनसारखा हिपॅटायटिस होता, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तशी सूज. टेस्ट फार तर वेल कोणती ते सांगेल, आईला ती सोसते का ते नाही सांगणार.

रानवेडा: 43 म्हणजे किती! घेणारे लाखो आहेत.

हेमांगी: लाखोंचं रक्त कोणी तपासलंय का?

बागकाम_वाई: गुळवेलीचं बोटाएवढं जाड कांडं कुंडीत खोचा, पावसाळ्यात हमखास लागतं.

सुगरण७२: अहो, इथे माणूस आजारी आहे. धागाकर्ते, आकडे द्या.

धागाकर्ता: एसजीपीटी 412. काढा कोरोनापासून रोज, दोन वेळा. थायरॉईडची गोळी आहे, पण ती तर जुनीच आहे. परवापासून डोळे पिवळट वाटतात.

हेमांगी: हे आधी सांगायचं ना! डोळे पिवळे म्हणजे आजच लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या, टेस्टचं नंतर बघू. थायरॉईड बऱ्याचदा ऑटोइम्यूनच असतं, त्यांना काढ्याचं आणि गोळीचं दोन्ही सांगा. उरलेली कांडी पिशवीत ठेवा, टाकू नका. आयुषचे दुष्परिणाम नोंदवायची सोय आहे, तिथेही कळवा.

धागाकर्ता: रिक्षा बोलावलीये. आत्ता खाली जाऊन कांडं मोडून बघितलं. साल कागदासारखी सुटते, आत हिरवं, गाठी नाहीत, चीक नाही. म्हणजे खरीच गुळवेल. आता आईला काय सांगू?