ताईच्या ग्रीन कार्डावर नितीनला नेता येतं का?

ग्रुप: गढीवरचे सगळे (परभणी)

बापूकाका: मंगल, जागी आहेस का? नितीनला शहरात एक एजंट भेटला. म्हणायला, सख्ख्या बहिणीकडं ग्रीन कार्ड आहे ना, मग दोन वर्षांत काम फत्ते. साडेतीन लाख मागायला, निम्मे आधी. सोयाबीनचे पैसे आलेत. देऊन टाकू का?

मंगल: काका, एक रुपया देऊ नका.

नितीन: ताई, पैसे नाही दिले अजून. नुसती पासपोर्टची झेरॉक्स दिलीय.

मंगल: बरं. इकडं अमेरिकेत डलासला रात्रीचे 11 वाजलेत, पण आत्ताच लिहिते, नाहीतर तुम्ही उद्या बँकेत जाल. ग्रीन कार्ड म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, नागरिकत्व नव्हे. ग्रीन कार्डवाल्याला नवरा किंवा बायको आणि लग्न न झालेली लेकरं, एवढ्यांसाठीच अर्ज भरता येतो. भावाबहिणीसाठी नाही, आईवडिलांसाठीसुद्धा नाही. त्याला नागरिकत्वच लागतं. दोन वर्षांत काम होतं म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, विषय संपला.

दत्तामामा: मग हो की बाई नागरिक. कामून थांबलीस?

मंगल: मामा, मी थांबले नाही, मला थांबवलंय. कार्ड नोव्हेंबर 2021 चं. पाच वर्षं भरावी लागतात, अर्ज फार तर 90 दिवस आधी टाकता येतो, म्हणजे ऑगस्ट 2026. आमच्या ह्यांना नागरिकत्व असतं तर तीनच वर्षं लागली असती, पण तेही माझ्यासारखेच कार्डावर. शिवाय पाच वर्षांतले निदान 30 महिने इथं काढलेले पाहिजेत. आणि एका खेपेला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सलगता तुटली असं धरतात, मग आपणच पुरावे देत बसायचं.

आई: (नितीनची बायको स्मिता टाइप करतेय) म्हणून का गं तू बाबा अंथरुणावर असताना साडेपाच महिन्यांनी निघून गेलीस?

मंगल: हो आई.

आई: मला वाटलं जावयांनी बोलावून घेतलं. दोन वर्षं मनात धरलं मी त्यांना.

बापूकाका: वहिनी, होतं असं. मंगल, नागरिक झाल्यावर मग किती दिवस?

मंगल: दिवस नाही काका. अर्ज भरला की नंबर लागतो. भावाबहिणींच्या गटाला साऱ्या जगासाठी वर्षाला 65,000 व्हिसा, त्यातच बायकापोरंही मोजतात. वर प्रत्येक देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. भारतातून आत्ता 2006 साली अर्ज भरलेल्यांची बारी चालू आहे.

नितीन: म्हणजे 20 वर्षं! मी 34 चा. पंचावन्नाव्या वर्षी तिकडं जाऊन काय करू, नातवंडं सांभाळू?

स्मिता: आणि आमच्या परीचं काय ताई? ती आत्ता सहा वर्षांची.

मंगल: लेकरू 21 च्या आत आणि बिनलग्नाचं पाहिजे. अर्ज मंजूर व्हायला जो वेळ जातो तो वयातून वजा करतात, पण परीला तेवढं पुरेल का, सांगता येत नाही. तिच्या भरवशावर हे करू नकोस. शिकायला जायचं तर तिचं ती स्टुडंट व्हिसावर जाईल.

दत्तामामा: नागरिक झालीस तर सातबाऱ्यावरचं नाव जातं म्हणतात.

मंगल: नाही मामा. वारशानं आलेली शेती ठेवता येते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट मात्र परत द्यावा लागतो आणि मतदान जातं. मला त्याचंच जास्त वाटतं, पण ते जाऊ द्या.

नितीन: मग अर्ज भरायचाच नाही का?

मंगल: माझं झालं की भरू, नंबर लागलेला बरा. पण त्याआधी तू व्हिजिटर व्हिसा काढून घे. त्या फॉर्मात विचारतात, तुमच्यासाठी कुणी कायम राहण्याचा अर्ज भरलाय का. एकदा हो लिहिलं की परत जाणार हे पटवणं अवघड. आणि खरी मेख कागदांत आहे. दोघांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एकच दिसलं पाहिजे. माझा जन्म मामांकडं, जिंतूरच्या दवाखान्यात, तिथं आईचं माहेरचं नाव लागलंय. तुझ्या टीसीवर सासरचं. लग्नात नाव बदललं त्याचा कागद कुणाकडं आहे?

बापूकाका: कागद कसला, तांदळात अंगठीनं लिहिलं होतं!

नितीन: माझा तर जन्मदाखलाच नाही. गुरुजींनी 1 जून लावून टाकला.

मंगल: मग ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला काढ. त्याला शाळेचा निर्गम उतारा आणि जन्म माहीत असलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं जोडू. आईबाबांच्या लग्नाची पत्रिका सापडली तर फार बरं.

दत्तामामा: एक प्रतिज्ञापत्र माझं. दुसरं सरूआत्याचं घ्या, पण लवकर घ्या, ती 84 ची आहे.

आई: पत्रिका पितळी डब्यात आहे. हळद लागून पिवळी पडलीय, पण दोन्ही नावं वाचता येतात.

नितीन: ग्रामसेवक गुरुवारी येतात. सुट्टी टाकतो. काका, त्या एजंटाकडून झेरॉक्स परत आणायला तुम्ही चला सोबत.

बापूकाका: चल. मीच बोलतो त्याला.